कर्करोगाचा प्रतिबंध आणि आपल्या ताटातील फळे-भाज्या

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख लिहावा, असे आम्हांस सांगण्यात आले, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध तो काय! परंतु थोडा विचार केल्यावर वाटले की, ह्या रोगाशी आमचा संबंध रोजच येतो. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अर्ज घेऊन माणूस काउंटरसमोर उभा राहतो. कारण सांगितलेच पाहिजे असे नाही, पण तो सांगतो. "साहेब, परळला न्यायचंय." बोईसर-पालघर भागात परळ म्हटले की पुढचे विचारावे लागत नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली, घरासाठी साठवलेली रक्कम अशी एका सहीने बाहेर पडते. रोग होऊच नये म्हणून काही करता येते का, हा प्रश्न त्यामुळे आमच्या मनात घर करून बसला. त्यातून जे वाचले, जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, ते सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

रोग समजून घेऊ

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. कोणत्या पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, ह्याच्या सूचना पेशीतील डीएनएमध्ये असतात. तंबाखूतील रसायने, काही विषाणू, किरणोत्सर्ग, वाढते वय अशा अनेक कारणांनी ह्या सूचनांत चुका होतात. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करते. दुरुस्त न झालेल्या चुका साठत गेल्या की एखादी पेशी थांबण्याची सूचना मानेनाशी होते व बेसुमार वाढू लागते. हाच कर्करोग. चुका साठण्यास बहुधा कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच प्रतिबंधालाही वाव मिळतो.

सन २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसे ह्या रोगाने दगावली. पुरुषांत तोंडाचा व स्त्रियांत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे आघाडीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एकूण कर्करोगांपैकी ३० ते ५० टक्के टाळता येण्याजोगे आहेत. टाळता येण्याजोगा हा जो भाग, त्यात आहाराचा वाटा किती, हा आपल्या अभ्यासाचा विषय.

अभ्यासाची सुरुवात आपल्याच मुंबईत

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर ह्यांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की माणसांच्या सवयी बदलल्या की कर्करोगाची जागाही बदलते. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत होती. तेथील लोकांत टाळूचा कर्करोग दिसे. हे निरीक्षण त्यांनी १९४५ साली मांडले. पुढे १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठी तशीच नोंदवही सुरू झाली. ह्या रोगामागे नुसते नशीब नसून राहणीमानही असते, हे अशा नोंदींतूनच पक्के झाले.

आहाराकडे जगाचे लक्ष वेधले ते १९८१ साली. डॉल आणि पेटो ह्या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी असा अंदाज मांडला की, अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यूंचा संबंध आहाराशी असावा. मात्र हा आकडा १० पासून ७० टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले. लोकांनी ३५ तेवढे लक्षात ठेवले, पुढचे वाक्य विसरले. बँकेत आम्ही नेहमी पाहतो की, व्याजदर सर्वांच्या लक्षात राहतो, अटी कोणी वाचीत नाही. तसाच हा प्रकार.

फळे-भाज्यांत असते तरी काय?

मुख्य घटक आपण क्रमाने पाहू.

(१) तंतुमय पदार्थ, म्हणजे चोथा. हा पचत नाही, म्हणून निरुपयोगी असे पूर्वी मानीत. डेनिस बर्किट ह्या डॉक्टरांनी युगांडातील अनुभवावरून १९७० च्या दशकात ह्याकडे लक्ष वेधले. भरपूर चोथा खाणाऱ्या तेथील ग्रामीण लोकांत मोठ्या आतड्याचे आजार फार कमी होते. चोथ्यामुळे मल लवकर पुढे सरकतो, त्यातील अपायकारक द्रव्ये आतड्याच्या अस्तराशी कमी वेळ राहतात. शिवाय आतड्यातील जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. ते अस्तराच्या पेशींचे अन्न होय. दररोज १० ग्रॅम चोथा अधिक घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळतो. नाचणीची भाकरी, डाळी, कडधान्ये, शेवग्याच्या शेंगा, पेरू, पालेभाज्या ही ह्याची घरगुती साधने.

(२) 'क' जीवनसत्त्व. जठरात काही अन्नघटकांपासून नायट्रोसमाइन नावाची घातक संयुगे तयार होऊ शकतात. 'क' जीवनसत्त्व ह्या क्रियेला आडवे येते. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर ह्यांत ते विपुल असते. संत्रे महाग म्हणून हळहळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, वजनास वजन धरले तर पेरूत संत्र्याच्या सुमारे चौपट 'क' जीवनसत्त्व असते.

(३) फोलेट. हे 'ब' गटातील जीवनसत्त्व. पेशी दुभंगताना डीएनएची नवी प्रत तयार होते, त्या नकलेच्या कामी फोलेट लागते. ते कमी पडले की नक्कल सदोष होऊ शकते. हिरव्या पालेभाज्या, चवळी, हरभरा ह्यांत ते असते.

(४) कॅरोटीन वर्गातील रंगद्रव्ये. गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, माठ, शेवग्याचा पाला ह्यांत बीटा-कॅरोटीन असते. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवते. टोमॅटोचा लाल रंग त्याच कुळातील लायकोपीनचा.

(५) कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ह्यांच्या कुळातील गंधकयुक्त द्रव्ये. ही भाजी चिरली किंवा चावली की तिच्या पेशी फुटतात, आतील विकर मोकळे होते आणि तिखट वासाचे पदार्थ तयार होतात. अपायकारक रसायने शरीराबाहेर टाकणाऱ्या यकृतातील यंत्रणेला ते चालना देतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मुळ्याची कोशिंबीर नाकात जाते, ती ह्याच द्रव्यांमुळे.

गोळ्यांनी दिलेला धडा

आता विद्यार्थी मित्रांनी विशेष लक्ष द्यावे. गाजर-भोपळा खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, गाजर-भोपळ्यात बीटा-कॅरोटीन असते, तेव्हा बीटा-कॅरोटीनची गोळी दिली की काम झाले, असा सरळ हिशेब शास्त्रज्ञांनी केला. तर्क वरवर पाहता बिनचूक. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर त्याची परीक्षा घेण्यात आली. १९९४ साली निकाल आला आणि सारे चकित झाले. गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला! अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग सुरू होता. त्यात धूम्रपान करणारे, पूर्वी करणारे व ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले १८ हजारांवर लोक होते. गोळी घेणाऱ्यांत हा रोग २८ टक्क्यांनी अधिक दिसल्याने तो जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. अमेरिकेतीलच २२ हजार डॉक्टरांवर सुमारे १२ वर्षे चाललेल्या तिसऱ्या प्रयोगात फायदाही नाही व तोटाही नाही, असे दिसले. पुढे 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हा निष्कर्ष २०११ सालचा.

ह्यावरून काय शिकायचे? भाजीत एक द्रव्य नसते, शेकडो असतात आणि तीही अल्प प्रमाणात, एकमेकांच्या सोबतीने. त्यातील एकच वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिले तर त्याचा गुण बदलू शकतो. दुसरे असे की, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. भाजी खाणारा माणूस बहुधा विडीही कमी ओढतो, चालतोही अधिक. रोग कशामुळे टळला, हे नुसत्या निरीक्षणावरून सांगता येत नाही.

हाच सावधपणा पुढील अभ्यासांतही दिसतो. युरोपातील १० देशांत पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या आहाराची नोंद ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत रोज २०० ग्रॅम फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत सर्व कर्करोग मिळून धोका सुमारे ३ टक्केच कमी दिसला. म्हणजे लाभ आहे, पण तो माफक आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१८ च्या अहवालानुसार तोंड, घसा, अन्ननलिका अशा अन्न-श्वासमार्गाच्या कर्करोगांपासून भाज्या व फळे बहुधा संरक्षण देतात, तर अख्खे धान्य व चोथा मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून. आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षात घेता हा "बहुधा" आपल्याला तरी लहान वाटू नये. शिवाय लठ्ठपणामुळे अनेक प्रकारचे कर्करोग वाढतात, आणि भाजीने पोट भरते पण चरबी वाढत नाही, हा आणखी एक अप्रत्यक्ष लाभ.

प्रतिबंध वेगळा, उपचार वेगळा

येथे एक घरचा अनुभव सांगणे आम्हांस भाग आहे. आमचे एक मावसभाऊ औद्योगिक वसाहतीत कामाला होते. गालाच्या आत व्रण झाला. कोणा हितचिंतकाने सांगितले, "गव्हांकुराचा रस आणि कारल्याचा रस घ्या, कॅन्सर असला तरी मुळापासून जातो." भाऊ साधे माणूस. पाच महिने नेमाने रस घेतला. तंबाखूची मळणी मात्र सुटली नाही. आम्हीही त्या वेळी, "रसाने अपाय तर नाही ना!" एवढेच म्हणून गप्प राहिलो, ह्याची खंत आजही वाटते. अपाय रसाने केला नाही, गेलेल्या पाच महिन्यांनी केला. शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, "व्रण लहान असताना आला असतात तर थोडक्यात निभावले असते." भाऊ आज आपल्यात आहेत, परंतु त्यांचे बोलणे घरच्यांनाच काय ते समजते. परसातील शेवग्याच्या शेंगा ते अजूनही दर मोसमात आमच्या घरी धाडतात.

म्हणून हे वाक्य प्रत्येकाने घरात मोठ्याने वाचावे: कोणतेही फळ, भाजी अथवा रस झालेला कर्करोग बरा करीत नाही. आहार रोगापूर्वी आपली बाजू थोडी भक्कम करतो आणि उपचार चालू असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने अंगात ताकद राखतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे ह्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

आपल्या बाजारातील खजिना

जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते. बटाटा-रताळ्यासारखे कंद त्यात धरीत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असे प्रमाण सुचविले आहे. घरगुती भाषेत सांगायचे तर दोन्ही जेवणांत वाटीभर भाजी, त्यांपैकी एक वेळ पालेभाजी, सोबत कोशिंबीर आणि दिवसातून एखादे फळ. गरिबाने हे कोठून आणावे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परंतु सफरचंद व किवी म्हणजेच फळ, ही समजूत आपण आधी सोडली पाहिजे.

पावसाळा सुरू झाला की पालघर-बोईसरच्या बाजारात आदिवासी भगिनी रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. शेवळे, टाकळा, कुर्डू, करटोली असे कितीतरी प्रकार असतात. शेवळे खाजरे असते, म्हणून त्यात काकडाची फळे घालून ते शिजवतात, हे ज्ञान त्या भगिनींकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. कोणती पाने खावीत आणि कोणती खाऊ नयेत, हेही त्याच जाणतात. म्हणून आपण स्वतः रानात जाऊन ओळखीशिवाय काही तोडून आणू नये, त्यांच्याकडूनच घ्यावे. दोन पैसे त्यांच्याही हाती पडतात. डहाणू-घोलवडचा चिकू, बहाडोलीची जांभळे, वसईची केळी, रानची करवंदे, दारचा पेरू व पपई ही सर्व आपलीच फळे. शेवग्याचे झाड तर कुंपणालाही येते. त्याच्या शेंगा आपण विकत आणतो आणि पाला केराच्या टोपलीत टाकतो!

शिजवण्यातही थोडी काळजी हवी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवल्यास 'क' जीवनसत्त्व व फोलेट पाण्यात उतरते. शिजवलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे. गाजर, भोपळा, पालेभाजी चमचाभर तेलात शिजवली तर त्यातील कॅरोटीन अंगी अधिक लागते. फळ शक्यतो चावून खावे, कारण रस गाळला की चोथा गेला. मीठ बेताचे असावे, कारण खारवलेले पदार्थ अति खाण्याचा संबंध जठराच्या कर्करोगाशी लावला जातो. बुरशी आलेले शेंगदाणे व धान्य निवडून नव्हे, तर पूर्णपणे टाकून द्यावे. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगास कारण ठरते. आपल्या दमट हवेत हे विसरून चालणार नाही.

एका हाताने जमा, दुसऱ्या हाताने खर्च

तंबाखू, सुपारी व दारू ह्या तिन्ही गोष्टी मनुष्यात कर्करोग निर्माण करतात, हे निश्चितपणे सिद्ध झाले आहे. आपला केळवे-माहीमचा परिसर पानवेलींसाठी प्रसिद्ध. पान खाण्यात काय वाईट, असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. त्यांस नम्रपणे सांगावेसे वाटते की, तंबाखू नसलेला सुपारीचा विडाही त्या यादीत आहे. आमच्या माता-भगिनी दात घासायला जी मशेरी वापरतात, तीही तंबाखूच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, पण सवयीवर बंदी ज्याची त्यानेच घालायची असते.

थोडा हिशेब करू. समजा, एक माणूस दिवसाला २० रुपये तंबाखूवर घालवतो. वर्षाचे झाले ७,३०० रुपये. त्याच २० रुपयांत मोसमात घरी एखादी पालेभाजीची जुडी तरी येते. आहार म्हणजे आवर्ती ठेव आहे. हप्ता लहान, पण दरमहा भरावा लागतो. एकदम मोठी रक्कम टाकून चुकलेली वर्षे भरून निघत नाहीत. आणि तंबाखू चालू ठेवून भाजी खाणे म्हणजे ठेवीत शंभर भरून हजाराचे कर्ज काढणे.

आणखी एक प्रश्न आपल्या भागात हमखास येतो. "इथे १९६९ पासून अणुविद्युत केंद्र आहे, रासायनिक कारखाने आहेत. भाजी खाऊन काय होणार?" काळजी स्वाभाविक आहे. त्याचे सरळ उत्तर असे की, भाजी हवा-पाणी शुद्ध करीत नाही. शुद्ध हवा-पाण्याचा आग्रह नागरिक म्हणून धरायचाच आहे, कामावर सुरक्षेची साधने मागायची व वापरायचीच आहेत. पण ते कारण पुढे करून हातातली तंबाखूची पुडी समर्थनीय ठरत नाही. जे आपल्या हाती आहे, ते आजच करावे.

शेवटी

तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत न भरणे, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, गिळताना अडथळा, स्तनात गाठ, पाळीव्यतिरिक्त अथवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, शौचातून रक्त, ह्यांपैकी काहीही दिसल्यास रस-काढे न करता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. भगिनींनी संकोच करू नये. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केल्याचे टाटा रुग्णालयाच्या अभ्यासातून २०१४ साली प्रसिद्ध झाले आहे. वेळेवर पाहणे एवढीच त्यातली किमया.

विद्यार्थी मित्रांसाठी तीन प्रश्न देऊन थांबतो. (१) बीटा-कॅरोटीनची गोळी आणि गाजर ह्यांत फरक काय? (२) आपल्या घरी काल दिवसभरात माणशी किती ग्रॅम फळे-भाज्या खाल्ल्या गेल्या? आजच वजन करून वहीत लिहा. (३) घरात तंबाखू, मशेरी वा सुपारी कोण वापरते आणि त्यांच्याशी कोण बोलणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका, संध्याकाळी जेवताना काढा. आम्ही मावसभावांशी वेळेवर बोललो नाही. तुम्ही बोला.